राक्षसाच्या नाकातले केस

स्वतःबद्दल बोलणं मला आवडत नाही. पण दुसरं कुणी बोलत नाही, त्यामुळे इलाज नाही. या शहरातला पहिल्या प्रतीचा खासगी गुप्तहेर म्हणून माझं नाव इतकं गुप्त आहे की ते अजून कुणालाच माहीत नाही. गरुडाची नजर, कोल्ह्याचा मेंदू आणि मांजराची चाल असं रसायन एकाच देहात क्वचित उतरतं. बायको यात "आणि अजगराची भूक" अशी भर घालते. ती साक्ष ग्राह्य धरू नये, ती फिर्यादी पक्षाची आहे.

दिवसा मी बँकेत सह्या पडताळतो. लोकांना ते कारकुनी काम वाटतं. मी त्याला सराव म्हणतो. माणसाचा 'क' बघून मी त्याचं काळीज सांगतो. शेजाऱ्यांची चोरीला गेलेली सायकल मीच शोधून काढली होती. ती दुसऱ्याच शेजाऱ्याची निघाली आणि त्यांना ती हरवल्याचं ठाऊकही नव्हतं, पण सायकल सापडली हे कुणी नाकारू शकत नाही.

तर त्या सकाळी माझी भाची रडवेला चेहरा घेऊन आली आणि सोफ्यावर कोसळली.

"मामा, माझं लग्न मोडतंय."

"कशालाही हात लावू नकोस," मी म्हणालो. "बोटांचे ठसे पुसले जातात."

"अहो, तिला आधी चहा तरी घेऊ द्या," आतून बायको म्हणाली.

भाची दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवते. तिचा होणारा नवरा रंगाच्या दुकानात रंग मिसळून देतो. भिंतीकडे नुसतं बघून तो पांढऱ्याचे अकरा प्रकार सांगतो, आणि ती तुम्ही हसलात की कुठली दाढ खोटी ते सांगते. दोघांची गाठ पडली ती 'अग्निशिखराची राणी' या चित्रपटमालिकेच्या रसिक मंडळात. राक्षस, ड्रॅगन, शंभर वर्षं झोपलेली महाराणी, उडत्या गडाच्या पायऱ्या, असा सगळा मामला. तो मंडळाचा अध्यक्ष. घरात आम्हीही त्याला अध्यक्षच म्हणतो, कारण तो जेवताना पाणी मागतो तेही ठराव मांडल्यासारखं.

मालिकेचा नवा भाग येत होता, आणि त्यात 'दिव्यदृष्टी' नावाचं नवं तंत्र होतं. पडद्यावर नेहमीच्या दुप्पट वेगाने चित्रं धावतात, त्यामुळे म्हणे सगळं खऱ्यापेक्षा खरं दिसतं. चित्रपट कंपनीने मोठ्या मनाने अध्यक्षाला आणि त्याच्यासोबत एका पाहुण्याला तो आधीच दाखवला. अट एकच: मंडळाचा खास खेळ रविवारी होईपर्यंत कुणीही एक अक्षर बोलायचं नाही. पाहुणी अर्थात भाची. अख्ख्या रिकाम्या थिएटरात ती दोघं, आणि वर यंत्रघरात यंत्र चालवणारा.

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे," म्हणत तिने फोन माझ्यापुढे धरला.

इंटरनेटवर 'दिव्यदृष्टी: तुमचा अनुभव कळवा' असं रसिकांचं पान होतं. त्यावर 'एक अनुभवी' या नावाने कुणीतरी लिहिलं होतं:

"नवं तंत्र, नवं तंत्र म्हणून फार गाजावाजा ऐकला. काल अनुभव घेतला. सगळं नको इतकं स्वच्छ दिसतं. काही गोष्टी अंधूक दिसतात त्यातच माणसाचं सुख असतं. पायऱ्या हलतात. मान वळवली की जग डोलतं. कडेला सगळं वितळल्यासारखं होतं. पहिला अर्धा तास तर मळमळत होतं. महाराणी झोपेतून उठल्यावर कशी दिसते हे या वयात बघायची हौस नव्हती. आणि तो राक्षस! जवळ आला की दुप्पट दिसतो, त्याच्या नाकातले केस मोजून घ्यावेत. यापेक्षा जुनं होतं तेच बरं. दोन तारे. त्यातला एक, ज्या मुलाने पाणी आणून दिलं त्याला."

"यात काय बिघडलं?" मी विचारलं.

"मामा, शेवटी राजा मरायला टेकतो तेव्हा ढाल वाहणारा मुलगा त्याला पाणी आणून देतो! हे बाहेर कुणालाच माहीत नाही. पाहिलं फक्त आम्ही दोघांनी. मी लिहिलेलं नाही. तो म्हणतो त्यानेही नाही. मग लिहिलं कुणी? तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. आता बघणंही बंद झालंय."

कंपनीच्या अधिकारी बाईंनी बजावलं होतं: वचन कुणी मोडलं ते रविवारपर्यंत कळलं नाही, तर मंडळाचा खेळ रद्द. मंडळात अध्यक्षाला हाकलण्याची तयारी सुरू झाली होती.

एवढ्यात माझ्या सासूबाई आतून आल्या. त्या आमच्याकडेच असतात. भिंतीला हात लावत, नसलेला उंबरठा ओलांडावा तसा पाय उंच उचलत त्या खुर्चीपर्यंत पोचल्या.

"गुडघा," मी भाचीच्या कानात म्हणालो. "डावा. याला निरीक्षण म्हणतात."

तपासाला लगेच सुरुवात केली. पहिली अडचण अशी की मजकूर टाईप केलेला. माझी सगळी विद्या हस्ताक्षरात, आणि गुन्हेगाराने नेमकं तेच ठेवलं नव्हतं. यावरून तो मला ओळखत असावा, हा माझा पहिला निष्कर्ष. (शेवटी हा एकच निष्कर्ष बरोबर ठरला, याची नोंद घ्यावी.)

त्या संध्याकाळी रंगाच्या दुकानाच्या माडीवर मंडळाची सभा होती. वेषांतर करून जायचा विचार होता. पण बायकोने काळा कोट इस्त्रीला दिलेला, म्हणून नेहमीच्याच शर्टात गेलो. रंगाच्या डब्यांवर सगळे बसलेले. कुणी पुठ्ठ्याचं चिलखत घातलेलं, कुणी शिंगं लावलेली. मी दारात उभा राहताच टाळ्यांचा कडकडाट झाला.

"व्वा! काय राक्षस जमलाय!"

"मुखवटासुद्धा किती खरा!" एका बाईंनी माझा गाल ओढून पाहिला.

मी विरोध केला नाही. खरा हेर मिळेल त्या वेषात काम भागवतो.

सभेत दोन तट पडले होते. एकांना नवं तंत्र म्हणजे साक्षात्कार वाटत होता. दुसऱ्यांना ते म्हणजे घरातल्या टीव्हीवर शेजाऱ्याचा लग्नाचा व्हिडिओ लावल्यासारखं वाटत होतं. दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या.

"तुमच्यापैकी चित्रपट कुणी पाहिलाय?" मी विचारलं.

"अध्यक्ष सोडले तर कुणीच नाही," शिंगवाला म्हणाला. "म्हणून तर आमचं मत स्वच्छ आहे."

"नाकातल्या प्रत्येक केसाला वेगळी सावली!" महाराणीच्या पोशाखातल्या बाई डोळे मिटून म्हणाल्या. "हे आजवर कुणी केलंय?"

"राक्षसाला केस असतीलच कसे?" चिलखतवाला उखडला. "तिसऱ्या भागात तो आगीतून चालत गेलाय."

"नाक दाबून गेला असेल!"

यावर चिलखत आणि शिंगं यांची झटापट झाली आणि एक डबा सांडला. अध्यक्ष कोपऱ्यात गप्प बसून होता. एरवी अशा वेळी त्याने तीन ठराव मांडले असते. सांडलेल्या रंगाकडे बघून तो एवढंच पुटपुटला, "हस्तिदंती. उन्हात पिवळा पडतो." मला त्याची दया आली, पण दया आली की संशय सुटतो, म्हणून ती मी परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी बँकेत अर्धी रजा टाकून थिएटर गाठलं. यंत्र चालवणारा यंत्रघरात स्वेटर विणत होता.

"त्या दिवशी तुम्ही चित्रपट पाहिलात," मी एकदम हल्ला चढवला. "कबूल करा!"

"मी पडद्याकडे बघत नाही. मान दुखते."

"असं? मग सांगा, चित्रपटाचा शेवट काय होतो?"

"दिवे लागतात," तो म्हणाला.

माणूस निर्दोष होता. पण त्याच्याकडून दोन मौल्यवान धागे मिळाले, लोकरीचे वेगळे. एक: अध्यक्ष मध्येच फोन आल्याचं सांगून बाहेर गेला, पण हातात फोन नव्हता, आणि बराच वेळ तो बेसिनवर वाकलेला होता. दोन: भाची खुर्चीच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून बसली होती, जणू खुर्चीला ब्रेक नाहीत.

म्हणजे मळमळ अध्यक्षाला, आणि हलत्या पायऱ्या भाचीला! संशयाची सुई आता माझ्याच अशिलाकडे वळत होती. घरी येऊन हे बायकोला सांगितलं.

"सुई इकडे द्या," ती म्हणाली. "तुमच्या शर्टाचं बटण लावायचंय."

रात्रभर विचार करून मी तिसराच सिद्धांत काढला: हा अभिप्राय कंपनीनेच लिहिला! शिव्या खाल्ल्या की गर्दी होते. सकाळी अधिकारी बाईंना फोन लावून मी तो त्यांच्या तोंडावर फेकला. त्या शांतपणे म्हणाल्या, "रविवार राहू दे. मला उत्तर आज संध्याकाळी हवंय," आणि फोन ठेवला. तपासाला वेग येणं म्हणतात ते हेच.

भाचीला हे कळल्यावर ती रडलीही नाही. बोटातली अंगठी काढून तिने टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मामा, तू मदत केली नसतीस तर आमच्याकडे चार दिवस तरी होते." हे वाक्य मला लागलं. खोटं कशाला सांगू, चहा गार झाला तरी मी घेतला नाही.

संध्याकाळी सर्वांना बैठकीच्या खोलीत जमवलं. गुन्हेगाराचा बुरखा फाडायचा तर लोक समोर लागतात. सोफ्याच्या एका टोकाला भाची, दुसऱ्या टोकाला अध्यक्ष, मध्ये तीन उशा. बायको बटण लावत बसलेली. सासूबाई खुर्चीत लोकरीचा गुंता सोडवत होत्या. टेबलावर फोन, त्यातून अधिकारी बाई ऐकत होत्या.

"मंडळी," मी येरझारा घालत सुरुवात केली, "या खोलीत एक गुन्हेगार आहे."

"किंवा फोनमध्ये," बायको म्हणाली. "तो सिद्धांत सोडलात का?"

"अध्यक्ष! तुम्ही मध्येच उठून बेसिनवर का गेलात?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याच्या अकरांपैकी कुठला ते त्यालाच ठाऊक.

"आणि तू!" मी भाचीकडे वळलो. "खुर्चीचा दांडा का धरलास? दोघांनी मिळून हा कट रचलात. ऐका तुमचेच शब्द!" मी भाचीचा फोन घेऊन अभिप्राय खणखणीत आवाजात वाचला. "...'राक्षस जवळ आला की दुप्पट दिसतो, त्याच्या नाकातले केस...'"

"नाकाबाहेरचे," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"'नाकाबाहेर आलेले केस' असं म्हणायचं होतं मला. आतले कशाला मोजतेय? घाईत चुकलं."

बायकोने सुई खाली ठेवली.

"आई," ती हळूच म्हणाली, "चष्मेवाल्याने तुला अभिप्राय लिहायला सांगितलं होतं. तो कुठे लिहिलास?"

"त्याने सांगितलं तिथेच. म्हणाला, आजी, या काचांना दिव्यदृष्टी म्हणतात, वरून लांबचं, खालून जवळचं, नवीन तंत्र आहे. फोनमध्ये 'दिव्यदृष्टी' शोधा आणि अनुभव कळवा. मी शोधलं. वर लिहिलंच होतं, तुमचा अनुभव कळवा. कळवला."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांच्या नाकावर मोठ्ठा, तपकिरी काड्यांचा, झगझगीत नवा चष्मा होता.

"हा कधी घेतलात?" मी विचारलं.

"अहो, आठवडा झाला," बायको म्हणाली. "रोज तुमच्यासमोर बसून चहा घेतेय ती."

"मग तो पाणी आणणारा मुलगा?" अध्यक्षाचा आवाज चिरकला.

"चष्म्याच्या दुकानातला. मला गरगरलं ना, तर बिचारा धावत गेला पाणी आणायला."

"आणि महाराणी?" भाचीने विचारलं.

सासूबाईंनी नुसतं स्वतःच्या लेकीकडे पाहिलं. बायकोने विस्कटलेले केस मागे सारले. मग सगळ्यांच्या नजरा सावकाश माझ्याकडे वळल्या. विचारायला उरलं काय होतं!

"जुन्या चष्म्यातून तुम्ही बरे दिसायचात हो, जावईबापू," सासूबाई समजुतीने म्हणाल्या.

"पण आई, एवढा त्रास होत होता तर आम्हाला का नाही सांगितलंस?" बायकोने विचारलं.

"विचारलं कुणी? जिना उतरताना पायऱ्या अंगावर येतात. भीती वाटते. घरात सांगावं तर म्हणाल, म्हातारी झाली. तिथे निदान कुणीतरी विचारलं होतं, अनुभव कळवा म्हणून."

गुडघा म्हणून मी मोकळा झालो होतो. डावा.

टेबलावरचा फोन खाकरला. "म्हणजे आमचा चित्रपट कुणीही फोडलेला नाही?"

"नाही हो," बायको म्हणाली. "फक्त जावई फोडलाय."

पलीकडून आधी फुसफुस आणि मग मोकळं हसणं ऐकू आलं. रविवारचा खेळ ठरल्याप्रमाणे होईल, असं सांगून बाईंनी फोन ठेवला.

मला वाटलं प्रकरण मिटलं. पण उशांच्या दोन बाजूंना अजून सामसूम होती. शेवटी भाचीच म्हणाली, "मग तू बेसिनवर काय करत होतास?"

अध्यक्ष बोटांची नखं बघत होता. नखांत हस्तिदंती रंग होता. "ओकत होतो," तो म्हणाला. "सात वर्षं वाट पाहिली त्या चित्रपटाची. आणि महाराणीचं सिंहासन बघितलं तर मला लगेच कळलं, तो प्लायवूडवर दिलेला साधा तेलरंग आहे. दोन हात. घासलेलासुद्धा नाही. सगळं तसंच दिसत होतं. गरगरायला लागलं. पण अध्यक्षाने असं कसं म्हणायचं? तुला एवढा आवडला होता."

"मला?" भाची ताडकन उभी राहिली. "मी निम्मा वेळ डोळे मिटून बसले होते! ड्रॅगनने तोंड उघडलं आणि मला त्याची वरची कवळी सुटलेली दिसली. तुला वाईट वाटेल म्हणून 'किती सुंदर, किती सुंदर' म्हणत राहिले. मग तो अभिप्राय वाचला, शब्द न् शब्द माझ्या मनातला. मला वाटलं, तुलाही असंच वाटलं होतं आणि तू मला सोडून जगाला सांगितलंस."

"मलाही तेच वाटलं. की तू जगाला सांगितलंस, मला नाही."

"म्हणजे तुलाही..."

"हो. तुलाही?"

सासूबाईंनी तीनही उशा काढून आपल्या पाठीशी घेतल्या. "मला हव्या होत्या," त्या म्हणाल्या. अंगठी टेबलावरून कधी नाहीशी झाली ते गरुडाच्या नजरेलाही कळलं नाही.

रविवारी थिएटर भरलं होतं. चिलखतं, शिंगं, मुकुट, सगळे हजर. आदल्या दिवशी मी सासूबाईंना घेऊन चष्मेवाल्याकडे गेलो होतो; काच नाकावर जरा खाली बसली होती, त्याने ती वर केली. तरी थिएटरचा जिना चढताना मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

खेळ सुरू होण्याआधी अध्यक्ष पडद्यासमोर उभा राहिला. खिशातून भाषणाचा कागद काढला, आणि न उघडताच परत ठेवला.

"मी हा चित्रपट पाहिलाय," तो म्हणाला. "मला मळमळलं. सिंहासन प्लायवूडचं आहे. पण राजा पाणी मागतो तेव्हा मी तोंड धुऊन नुकताच परत येऊन बसलो होतो, आणि मी रडलो. दोन्ही खरं आहे. तुम्हाला जे वाटेल ते शेजारच्या माणसाला सांगा. त्याला काय आवडेल याचा विचार न करता सांगा. नाहीतर घरी भांडणं होतात."

"शेवट सांगितलास की!" मागून चिलखतवाला ओरडला.

पहिल्या रांगेतून भाचीने एकटीने टाळ्या वाजवल्या. मग सासूबाईंनी. मग हळूहळू सगळ्यांनी, चिलखतवाला सोडून.

दिवे मालवले. खरं सांगायचं तर तंत्रबित्र मला काही घाबरवू शकेल असं वाटलं नव्हतं. ज्याने आयुष्यभर सह्यांमधली लबाडी उघडी पाडली त्याला पडद्यावरचा ड्रॅगन काय करणार! पण पडदा उजळला आणि एक अवाढव्य जबडा थेट माझ्या दिशेने उघडला. पांढरेशुभ्र, घरांएवढे दात, आत लालभडक जीभ, आणि ते सगळं इतकं जवळ, इतकं खरं की मी किंचाळून डोळे मिटले आणि बायकोचा हात घट्ट पकडला.

"गेला का तो?" मी विचारलं.

"अहो, डोळे उघडा," ती कुजबुजली. "ही टूथपेस्टची जाहिरात आहे."